"घटना सर्वोच्च, म्हणून करारांना शून्य किंमत": फिरणाऱ्या मजकुराला मुद्देसूद उत्तर

बरेच दिवस एक मजकूर फिरतोय, कायदा शिकणारी मुलंसुद्धा तो पुढे पाठवताना दिसतात, म्हणून शेवटी सविस्तर लिहायला घेतलं. मजकूर थोडक्यात असा आहे: "आंतरराष्ट्रीय कायदा फक्त भाषणापुरता असतो. प्रत्येक देशात राज्यघटनाच सर्वोच्च, त्यामुळे बाहेरच्या करारांना देशात शून्य किंमत. अमेरिका तर एकही करार कायदा म्हणून मानत नाही. बाकीची सरकारं संसदेला न विचारता सही करतात आणि रातोरात कायदे बदलतात, सार्वभौमत्व विकतात. खरं तर घटनेत बसत नाही म्हटलं की कुठलाही करार मोडता येतो आणि वाटेल तेव्हा बाहेर पडता येतं."

ठसक्यात लिहिलंय आणि त्यात एक अर्धं खरं वाक्य आहे, म्हणून लोकांना पटतं. पण नीट वाचा, एकीकडे म्हणतात करारांना देशात शून्य किंमत आणि दोन ओळी खाली म्हणतात करारांमुळे रातोरात कायदे बदलतात. दोन्ही एकाच वेळी कसं खरं असेल?

मूळ गल्लत अशी आहे की दोन वेगळे प्रश्न एकात कालवलेत. एक प्रश्न देशाच्या आतला: कोर्टात जजसमोर एखादा करार ठेवला तर तो कायदा म्हणून चालतो का, आणि चालला तर संसदेच्या कायद्याच्या वर की खाली? याचं उत्तर त्या त्या देशाची घटना देते आणि प्रत्येक घटनेचं उत्तर वेगळं आहे. दुसरा प्रश्न देशाबाहेरचा: समोरच्या देशाला शब्द दिलाय तर आपण बांधलेले आहोत का? याचं उत्तर घटनेत शोधायचंच नसतं, ते आंतरराष्ट्रीय कायद्यात आहे. हे दोन प्रश्न वेगळे ठेवले की त्या मजकुरातलं जवळपास सगळं गळून पडतं. आता एकेक वाक्य घेऊ.

"प्रत्येक देशात घटनाच सर्वोच्च, म्हणून करारांना शून्य किंमत"

यातला पहिला तुकडा बऱ्याच देशांत खरा आहे, ते सुरुवातीलाच मान्य करून टाकतो. अमेरिकन सुप्रीम कोर्टाने १९५७ मध्ये रीड विरुद्ध कोव्हर्ट खटल्यात स्पष्ट केलं की परदेशाशी करार केला म्हणून नागरिकाचे घटनेतले हक्क बाजूला सारता येत नाहीत. फ्रान्सच्या काँसेय देता या सर्वोच्च प्रशासकीय कोर्टाने १९९८ मध्ये सांगितलं की देशाच्या आत घटना करारांच्या वर आहे. रशियाने तर २०२० ची घटनादुरुस्ती करून लिहूनच टाकलं की आंतरराष्ट्रीय संस्थांचा निर्णय रशियन घटनेच्या विरोधात जात असेल तर तो अमलात आणायचा नाही.

पण घटनेच्या खाली असणं आणि शून्य असणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. संसदेने केलेला प्रत्येक कायदा घटनेच्या खालीच असतो, म्हणून काय कोणी फौजदारी कायद्याला शून्य किंमत आहे म्हणतं का? खरा प्रश्न घटनेच्या खाली नेमकं कुठे हा आहे. फ्रान्सच्या १९५८ च्या घटनेचं कलम ५५ म्हणतं की रीतसर मंजूर होऊन प्रसिद्ध झालेला करार संसदेच्या कायद्यापेक्षा वरचढ, अट एवढीच की समोरच्यानेही तो पाळला पाहिजे. आता घटनेत लिहिलं म्हणजे लगेच कोर्टात चाललं असं नाही झालं तिथे, सर्वोच्च दिवाणी कोर्टाने ते १९७५ मध्ये संसदेच्या नंतरच्या कायद्याविरुद्धही वापरायला सुरुवात केली आणि काँसेय देताला त्यासाठी १९८९ उजाडावं लागलं, म्हणजे तब्बल ३१ वर्षं गेली. पण आज फ्रान्समधला कुठलाही साधा जज संसदेचा कायदा कराराशी विसंगत आहे म्हणून बाजूला ठेवू शकतो.

जर्मनीचं गणित अजून बारीक आहे. १९४९ च्या मूलभूत कायद्याचं, म्हणजे तिथल्या घटनेचं, कलम २५ सांगतं की आंतरराष्ट्रीय कायद्याचे सर्वसाधारण नियम, म्हणजे जगभर सगळ्यांनी पाळून पाळून पक्के झालेले नियम, हे थेट देशाच्या कायद्याचा भाग आहेत, संसदेच्या कायद्यांच्या वर आहेत आणि रहिवाशांना थेट हक्क आणि कर्तव्यं देतात. पण करारांचं तसं नाही! करार कलम ५९ मधून संसदेच्या मंजुरीने आत येतो आणि त्याचा दर्जा संसदेच्या कायद्याएवढाच. म्हणून २०१५ मध्ये तिथल्या घटना कोर्टाने मान्य केलं की तुर्कस्तानबरोबरच्या दुहेरी कर टाळायच्या करारापेक्षा वेगळा नियम संसदेने नंतरच्या कायद्याने आणला तर घटना आड येत नाही. एकाच देशात रूढ नियम कायद्याच्या वर आणि करार कायद्याच्या बरोबरीला, "सगळीकडे असंच असतं" म्हणणाऱ्यांनी हे एकदा शांतपणे वाचावं.

आणि नेदरलँड्स. हे उदाहरण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं कारण तिथे तो मजकूर चक्क उलटा पडतो. डच घटनेचं कलम १२० जजला सांगतं की संसदेचा कायदा घटनेत बसतो का हे तू तपासायचं नाही. आणि कलम ९४ त्याच जजला सांगतं की संसदेचा कायदा सर्वांना बंधनकारक असलेल्या कराराच्या तरतुदीशी भिडत असेल तर तो लागू करू नकोस. म्हणजे घटनेच्या आधारे कायदा हाणून पाडता येत नाही पण कराराच्या आधारे पाडता येतो! वर कलम ९१ म्हणतं की घटनेशी विसंगत करारसुद्धा मंजूर करता येतो, फक्त दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात. आणि याचा परिणाम कागदावर राहिलेला नाही. उर्जेंडा नावाच्या संस्थेने हवामानाच्या प्रश्नावर सरकारला कोर्टात खेचलं, आणि २० डिसेंबर २०१९ ला डच सर्वोच्च कोर्टाने निकाल दिला की २०२० संपायच्या आत सरकारने हरितगृह वायूंचं उत्सर्जन १९९० च्या तुलनेत किमान २५ टक्के कमी केलंच पाहिजे. आधार कुठला? मानवी हक्कांच्या युरोपीय कराराची कलमं २ आणि ८, जगण्याचा हक्क आणि खाजगी व कौटुंबिक आयुष्याचा हक्क. एका करारातल्या दोन कलमांनी एका श्रीमंत देशाच्या सरकारला आपलं हवामान धोरण बदलायला लावलं. शून्य किंमत!

"अमेरिका एकही करार कायदा म्हणून मानत नाही"

हे वाक्य सगळ्यात जास्त आत्मविश्वासाने फेकलं जातं आणि सगळ्यात जास्त चुकीचं आहे. अमेरिकन घटनेच्या कलम ६ मध्येच लिहिलंय की घटना, तिच्यानुसार केलेले कायदे आणि अमेरिकेने केलेले तह हे मिळून देशाचा सर्वोच्च कायदा, आणि प्रत्येक राज्यातले जज त्याला बांधील. हे १७८७ साली लिहिलंय. का लिहिलं तेही बघण्यासारखं आहे. १७८३ मध्ये ब्रिटनबरोबर शांततेचा तह झाला, त्यात ब्रिटिश सावकारांची जुनी देणी फेडायची असं ठरलं होतं आणि राज्यं ते पाळेनात. दिलेला शब्द केंद्राला पाळता येत नाही ही अवस्था घटना लिहिणाऱ्यांनी स्वतः भोगली होती. मग १७९६ मध्ये वेअर विरुद्ध हिल्टन खटल्यात सुप्रीम कोर्टाने व्हर्जिनिया राज्याचा कायदा त्या तहापुढे टिकत नाही असा निकाल दिला.

१९०० सालचा पाकेते हबाना खटला तर शिकवायलाच हवा. स्पेनबरोबरच्या युद्धात अमेरिकन नौदलाने क्यूबाच्या किनाऱ्यावर साध्या मासेमारी नौका पकडून विकल्या. कुठल्याही तहात त्याबद्दल काही नव्हतं, संसदेचा कायदाही नव्हता, होती ती फक्त देशोदेशी शतकानुशतकं पाळलेली रीत की युद्धातसुद्धा गरीब कोळ्यांच्या नौकांना हात लावायचा नाही. कोर्टाने सांगितलं की आंतरराष्ट्रीय कायदा हा आमच्या कायद्याचा भाग आहे, आणि नौकांचे पैसे मालकांना द्यायला लावले.

आता दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे आणि ती लपवून ठेवणं बरोबर नाही. १८२९ पासून तिथली कोर्टं तहांचे दोन प्रकार करतात, जो थेट कोर्टात चालतो तो आणि ज्याला आधी संसदेचा कायदा लागतो तो. शिवाय तह आणि संघराज्याचा कायदा यांच्यात भांडण झालं तर जो नंतरचा तो जिंकतो, हे एकोणिसाव्या शतकातच ठरलंय. या सगळ्याची किंमत माणसाने कशी मोजली ते मेडेलिन विरुद्ध टेक्सास या २००८ च्या खटल्यात दिसतं. परदेशी माणसाला अटक केली की त्याच्या देशाच्या वकिलातीशी संपर्क साधायचा हक्क आहे हे त्याला सांगावं लागतं, तसा १९६३ चा व्हिएन्ना करार आहे. मेक्सिकोच्या बऱ्याच नागरिकांना ते सांगितलंच गेलं नव्हतं आणि त्यांना फाशीची शिक्षा झाली होती. मेक्सिको हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं आणि २००४ मध्ये न्यायालयाने ५१ जणांच्या बाबतीत सांगितलं की त्यांच्या खटल्यांचा फेरविचार करा. अध्यक्ष बुश यांनीही राज्यांना तसं करायला सांगितलं. पण सुप्रीम कोर्ट म्हणालं की हेगचा निकाल अमेरिकेवर आंतरराष्ट्रीय बंधन आहे हे खरं, मात्र संसदेने कायदा केल्याशिवाय तो टेक्सासच्या कोर्टाला बांधत नाही, आणि अध्यक्षांचा आदेशही पुरेसा नाही. संसदेने कायदा केला नाही. ऑगस्ट २००८ मध्ये त्या ५१ जणांपैकी एक असलेल्या मेडेलिनला मृत्युदंड दिला गेला.

मला हा निकाल पटत नाही, कलम ६ इतकं सरळ असताना तर नाहीच. पण त्या निकालातसुद्धा "तहांना किंमत नाही" असं कुठेही म्हटलेलं नाही, उलट बाहेरचं बंधन आहे हे कोर्टाने स्पष्ट मान्य केलं. वर सांगितलेले दोन प्रश्न तिथल्या जजेसनी वेगळे ठेवले, फिरणारा मजकूर ते ठेवत नाही.

"संसदेला न विचारता सही, आणि रातोरात कायदा बदलतो"

सही हा बहुतेक मोठ्या करारांत पहिला टप्पा असतो, त्यानंतर मंजुरी लागते आणि ती कोण देणार ते घटना ठरवते. अमेरिकेत हजर सिनेटरपैकी दोन तृतीयांश लागतात. पहिल्या महायुद्धानंतरचा व्हर्सायचा तह स्वतः अध्यक्ष विल्सन यांनी वाटाघाटी करून आणला होता तरी सिनेटने तो नाकारला, त्यामुळे ज्या राष्ट्रसंघाची कल्पना विल्सन यांनीच उचलून धरली त्यात अमेरिका कधी गेलीच नाही.

ब्रिटनमध्ये तर सरकारने करार केला तरी देशाच्या आतला कायदा एका अक्षराने बदलत नाही, त्यासाठी संसदेचा वेगळा कायदाच लागतो. मानवी हक्कांच्या युरोपीय कराराला ब्रिटनने १९५१ मध्ये मंजुरी दिली. आणि ब्रिटिश कोर्टात तो करार थेट मांडता यायला लागला कधी? १९९८ चा ह्यूमन राइट्स ॲक्ट २ ऑक्टोबर २००० ला लागू झाला तेव्हा. जवळपास अर्धं शतक! त्या काळात ब्रिटिश माणसाला त्या हक्कांसाठी फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला, मानवी हक्कांच्या युरोपीय यंत्रणेकडे जावं लागायचं, आणि तेही १९६६ पासूनच. रातोरात म्हणे. आयर्लंडच्या घटनेत तर सरळ वाक्यच आहे की संसद ठरवेल त्याशिवाय कुठलाही आंतरराष्ट्रीय करार देशाच्या कायद्याचा भाग होणार नाही.

भारताचं उदाहरण इथे द्यायलाच हवं कारण तिथे हा प्रश्न अगदी लवकर आणि अगदी टोकदारपणे आला. १९५८ मध्ये नेहरू आणि पाकिस्तानचे पंतप्रधान फिरोज खान नून यांच्यात करार झाला, त्यात पश्चिम बंगालमधल्या बेरुबारीचा अर्धा भाग पाकिस्तानला द्यायचं ठरलं. पंतप्रधानांची सही, दोन देशांचा करार, मग झालं का? नाही झालं. राष्ट्रपतींनी सुप्रीम कोर्टाचं मत मागवलं आणि १९६० मध्ये कोर्टाने सांगितलं की देशाचा भूभाग द्यायचा तर घटनादुरुस्ती लागेल, त्यासाठी नववी घटनादुरुस्ती करावी लागली. नंतर १९६८ चा कच्छच्या सीमेचा लवादाचा निकाल आला तेव्हा कोर्टाने फरक केला, मुळात वादात असलेली सीमा आखून घेणं म्हणजे भूभाग देणं नव्हे, त्याला घटनादुरुस्ती नको. आणि बांगलादेशबरोबरची छोट्या छोट्या वेढलेल्या भूभागांची अदलाबदल २०१५ मध्ये झाली ती शंभरावी घटनादुरुस्ती करूनच. इतक्या बारकाईने जिथे कोर्ट बघतं तिथे "सही केली की संपलं" असं कसं म्हणवतं?

तरी या मुद्द्यात एक खरी तक्रार दडलेली आहे, ती वेगळी काढायला हवी. भारतात करार करण्याआधी संसदेची मंजुरी घ्यावी असं घटनेत कुठे सक्तीचं नाही, संसद नंतर कलम २५३ खाली कायदा करू शकते, आणि तेही राज्यांच्या यादीतल्या विषयावरसुद्धा. करारांवर संसदेत आधी चर्चा व्हायला पाहिजे अशी मागणी कोणी करत असेल तर माझा तिला पूर्ण पाठिंबा आहे. पण ती मागणी करायला करारांबद्दल खोटं सांगावं लागत नाही.

"देशात कायदा केला नसेल तर सामान्य माणसाला कराराचा उपयोग शून्य"

हे वाक्य मूळ मजकुरात नाही, पण त्याखाली हमखास येतं. आणि मला सगळ्यात जास्त राग याच वाक्याचा येतो, कारण हे वाचून खरी गरज असलेला माणूस गप्प बसतो.

पैसे फेडता आले नाहीत म्हणून तुरुंगात टाकायचं का, या एकाच प्रश्नावर दोन देशांची कोर्टं काय करतात बघा. नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचं कलम ११ म्हणतं की केवळ करारातलं देणं फेडता येत नाही म्हणून कोणाला तुरुंगात टाकायचं नाही. भारतात १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात हा मुद्दा आला, न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्यासमोर. त्यांनी आधी प्रामाणिकपणे सांगितलं की संसदेने कायदा बदलेपर्यंत हा करार म्हणजे देशातला कायदा नाही. पण तिथे थांबले नाहीत. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ५१ त्यांनी कराराच्या आणि घटनेच्या कलम २१ च्या उजेडात वाचलं आणि सांगितलं की निव्वळ गरिबीमुळे पैसे न देणाऱ्याला आत टाकता येणार नाही, पैसे असून बुडवतोय, लबाडी करतोय असं दाखवावं लागेल. कायद्याचा एक शब्द न बदलता कर्जबाजारी माणूस तुरुंगाबाहेर राहिला.

ब्राझीलचा रस्ता वेगळा. तिथल्या घटनेतच लिहिलंय की सोपवलेली वस्तू परत न करणाऱ्याला दिवाणी कैद देता येते, आणि त्या वाटेने हप्ते थकलेल्या कर्जदारांनाही आत टाकलं जायचं. २००८ मध्ये तिथल्या सर्वोच्च कोर्टाने सांगितलं की मानवी हक्कांचे करार संसदेच्या कायद्यांच्या वर आणि घटनेच्या खाली आहेत. घटनेने कैदेची परवानगी दिलीय हे खरं, पण ती परवानगी वापरायला साधा कायदा लागतो आणि तो कायदा कराराखाली दबून निकामी झालाय. घटनेतलं वाक्य आजही तिथेच आहे, पण सोपवलेली वस्तू परत न केल्याबद्दल कोणाला कैद करता येत नाही. शिवाय २००४ च्या घटनादुरुस्तीने ब्राझीलने अजून एक सोय केली, मानवी हक्कांचा करार दोन्ही सभागृहांत दोन-दोन फेऱ्यांत तीन पंचमांश मतांनी मंजूर झाला तर त्याचा दर्जा थेट घटनादुरुस्तीचा. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार असा पहिल्यांदा आत आला.

आणि विशाखा निकाल विसरून कसं चालेल? कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्ध भारतात कायदाच नव्हता. महिलांविरुद्धचा भेदभाव संपवण्याच्या कराराला भारताने १९९३ मध्ये मंजुरी दिली होती. १९९७ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या कराराचा आधार घेऊन, घटनेतल्या समानतेच्या आणि सन्मानाने जगण्याच्या हक्कांशी तो जोडून, मार्गदर्शक नियमच घालून दिले आणि संसद कायदा करेपर्यंत हेच कायदा म्हणून पाळा असं सांगितलं. संसदेचा कायदा आला २०१३ मध्ये. मधली १६ वर्षं नोकरी करणाऱ्या बायकांच्या हातात जे काही होतं ते एका करारामुळे होतं. दक्षिण आफ्रिकेच्या १९९६ च्या घटनेने तर हे जजच्या मर्जीवरही ठेवलं नाही, हक्कांचा अर्थ लावताना आंतरराष्ट्रीय कायदा विचारात घेतलाच पाहिजे असं कलम ३९ मध्ये सक्तीने लिहिलंय.

"घटनेत बसत नाही म्हटलं की करार मोडता येतो"

नाही येत. तहांविषयीच्या १९६९ च्या व्हिएन्ना कराराचं कलम २७ वाचा, करार न पाळल्याचं समर्थन म्हणून कुठल्याही देशाला आपला अंतर्गत कायदा पुढे करता येत नाही. आणि हा काही १९६९ मध्ये कोणाला सुचलेला नियम नाही. अमेरिकन यादवी युद्धात ब्रिटनमध्ये बांधलेल्या अलाबामा नावाच्या जहाजाने दक्षिणेकडच्या बंडखोर राज्यांच्या बाजूने लढून उत्तरेच्या व्यापारी जहाजांचं प्रचंड नुकसान केलं. ब्रिटन म्हणालं की तटस्थ राहायचं आमचं धोरण होतं पण जहाज अडवायला आमच्या कायद्यात पुरेसे अधिकारच नव्हते. १८७२ मध्ये जिनिव्हाच्या लवादाने ते ऐकून घेतलं नाही, ब्रिटनला १ कोटी ५५ लाख डॉलर सोन्याच्या रूपात द्यायला लावले, आणि तेव्हाच्या जगातल्या सगळ्यात बलाढ्य साम्राज्याने ते दिले.

पळवाट अगदीच नाही असं नाही. कलम ४६ म्हणतं की करार करण्याच्या अधिकाराबद्दलचा मूलभूत महत्त्वाचा नियम मोडला असेल आणि तो भंग समोरच्याला उघड दिसण्यासारखा असेल तर संमती अवैध ठरू शकते. नायजेरियाने यातून निसटायचा प्रयत्न केला. १९७५ मध्ये नायजेरिया आणि कॅमेरून यांच्या राष्ट्रप्रमुखांनी मारुआ इथे सागरी सीमेच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या, नंतर नायजेरिया म्हणू लागलं की आमच्या तेव्हाच्या घटनेनुसार सर्वोच्च लष्करी मंडळाची मंजुरी हवी होती, ती झालीच नाही. २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हे फेटाळलं. राष्ट्रप्रमुखाने सही केली की समोरचा देश त्यावर विसंबून राहू शकतो, शेजाऱ्याच्या घटनेत आत काय काय लिहिलंय आणि काय बदललंय यावर लक्ष ठेवायचं बंधन कोणावर नाही. त्याच निकालात बाकासी द्वीपकल्पही कॅमेरूनचं ठरलं आणि पुढे नायजेरियाने २००६ पासून सैन्य मागे घेऊन ते सोडलं.

इटलीचं उदाहरण या मजकुराचे समर्थक देतात, तेही घेऊ. दुसऱ्या महायुद्धातल्या नाझी अत्याचारांचे बळी इटलीच्या कोर्टात जर्मनीविरुद्ध भरपाई मागत होते, २०१२ मध्ये हेगच्या न्यायालयाने सांगितलं की परक्या देशाला असं कोर्टात खेचता येत नाही. २०१४ मध्ये इटलीच्या घटना कोर्टाने म्हटलं की बळींना न्यायालयाचं दारच बंद करणं आमच्या घटनेच्या मूळ तत्त्वांत बसत नाही, इथे खटले चालतील. त्या माणसांच्या दुःखाकडे बघता हा निकाल मला समजतो. पण म्हणून इटली बाहेरच्या बंधनातून सुटलं का? नाही, २०२२ मध्ये जर्मनीने परत हेगला नवा खटला दाखल केला. आत घटना जिंकली तरी बाहेरचा हिशोब उभाच राहतो.

"सही म्हणजे सार्वभौमत्व विकणं"

याचं उत्तर १९२३ मध्येच देऊन झालंय. तहात कबूल केलं असतानाही जर्मनीने कील कालव्यातून विम्बल्डन जहाजाला जाऊ दिलं नाही, तेव्हा आंतरराष्ट्रीय न्यायाच्या स्थायी न्यायालयाने म्हटलं की करार करायचा अधिकार हेच सार्वभौमत्वाचं एक लक्षण आहे. ज्याला सार्वभौमत्व नाही त्याला करारच करता येत नाही. आणि घटनांनी यावर पहारेही बसवलेत: फ्रान्समध्ये कलम ५४ नुसार एखादा करार घटनेविरुद्ध आहे असं घटना परिषदेने सांगितलं तर आधी घटनादुरुस्ती, मगच मंजुरी, म्हणूनच १९९२ मध्ये युरोपीय संघ उभारणाऱ्या मास्ट्रिख्ट तहासाठी घटना बदलावी लागली. स्वित्झर्लंडमध्ये तर हा प्रश्न थेट लोकांनाच विचारला गेला, घटना आंतरराष्ट्रीय करारांच्या वर ठेवावी आणि विसंगत करार गरज पडल्यास रद्द करावेत असा प्रस्ताव नोव्हेंबर २०१८ मध्ये मतदानाला आला आणि सुमारे ६६ टक्के मतदारांनी तो नाकारला.

"सरकारला वाटेल तेव्हा बाहेर पडता येतं"

बाहेर कसं पडायचं हे सहसा करारातच लिहिलेलं असतं, नोटीस द्यायची, मुदत संपायची वाट बघायची. पण देशाच्या आत हा निर्णय कोणाचा, यावर घटना बऱ्याचदा गप्प असतात, आणि तिथे खरी लढाई होते. अमेरिकेत डिसेंबर १९७८ मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी तैवानबरोबरचा संरक्षण करार सिनेटला न विचारता संपवायची नोटीस दिली, खासदार कोर्टात गेले आणि १९७९ मध्ये सुप्रीम कोर्टाने मूळ प्रश्नाचं उत्तर न देताच खटला काढून टाकला.

दक्षिण आफ्रिकेची घटनाही बाहेर पडण्याबद्दल काही बोलत नाही. २०१६ मध्ये तिथल्या सरकारने आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयातून बाहेर पडायची नोटीस संयुक्त राष्ट्रांकडे दिली, संसदेला न विचारता. फेब्रुवारी २०१७ मध्ये प्रिटोरियाच्या हायकोर्टाने ती घटनाबाह्य ठरवली: आत जायला संसदेची मंजुरी लागली होती तर बाहेर पडायलाही लागेल. पुढच्याच महिन्यात सरकारने नोटीस मागे घेतली. त्याआधी जानेवारी २०१७ मध्ये ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टानेही मिलर खटल्यात सांगितलं होतं की युरोपीय संघातून बाहेर पडायची नोटीस सरकार आपल्या अखत्यारीत देऊ शकत नाही, त्याने लोकांचे देशातले हक्क बदलतात, म्हणून संसदेचा कायदा हवा.

अर्जेंटिनाने तर हे कोर्टावर सोडलंच नाही. १९७६ ते १९८३ ची लष्करी राजवट भोगून बाहेर आलेल्या त्या देशाने १९९४ मध्ये घटना सुधारताना कलम ७५ मध्ये मानवी हक्कांच्या करारांची नावं घेऊन यादी दिली आणि त्यांना घटनेचा दर्जा दिला. त्यातल्या कुठल्याही करारातून बाहेर पडायचं तर दोन्ही सभागृहांतल्या एकूण सदस्यांपैकी दोन तृतीयांश मतं लागतात, अध्यक्ष एकटे काही करू शकत नाहीत. २००५ मध्ये तिथल्या सर्वोच्च कोर्टाने याच करारांच्या आधारे, लष्करी अधिकाऱ्यांना वाचवणारे १९८६ आणि १९८७ चे माफीचे कायदे घटनाबाह्य ठरवले, आणि ज्यांच्यावर पुन्हा कधी खटला चालणार नाही असं सगळे धरून चालले होते त्या अधिकाऱ्यांना आरोपी म्हणून कोर्टात उभं राहावं लागलं.